बाबाचं बोलावणं आलंय, तर...

केदारनाथला स्वतःहून कुणी जात नाही, बाबाचं बोलावणं यावं लागतं. हे एकदा पक्कं झालं की तयारीची जबाबदारी आपली राहत नाही. तुम्हालाही एखाद्या रीलमधून बोलावणं आलंच असेल, मागे डमरू वगैरे वाजत. तेव्हा जा. मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, अख्खा देश निघतो त्याच आठवड्यात जा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात आकाश निवळलेलं असतं, गर्दीही कमी असते; पण आखूड रांगेत उभं राहून पुण्य ते कितीसं मिळणार?

यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ती करू नका. हृषीकेशला पोहोचल्यावर बघू. तिथे पुढची तारीख शिल्लक नसली तर खिडकीवरच्या माणसाला 'आम्ही थेट महाराष्ट्रातून आलोय' असं जरा चढ्या आवाजात सांगा. तुमच्या पुढचा कर्नाटकातून आलेला असतो, मागचा गुजरातेतून, पण त्यांना बाबानं तुमच्याइतकं मनापासून बोलावलेलं नसतं.

तब्येतीची काळजी तर नकोच. तुम्ही दर रविवारी सिंहगडावर जाता. वरपर्यंत गाडीनं जाता ते सोडा, पिठलं-भाकरी तर गडावरच खाता ना? सिंहगड साधारण 1,300 मीटरवर आहे आणि केदारनाथ 3,583 मीटरवर, म्हणजे फरक तो काय, आकड्यांचा. वर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. डॉक्टर सांगतील, वाटेत मुक्काम करत सावकाश चढा. त्यांना बाबाचं बोलावणं आलेलं नाही, त्यांना काय कळणार? डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगा. त्रास वाढला तर खाली उतरणं हा खरा इलाज, पण ग्रुपवर काय सांगणार?

गौरीकुंडाहून वर 16 किलोमीटरहून जास्त चाल आहे. पूर्वी ही वाट 14 किलोमीटरची होती. 2013 साली 16 आणि 17 जूनला ढग कोसळले, वरचा चोराबारी तलाव फुटला आणि मधला रामबाडा नकाशावरून पुसला गेला. म्हणून आता मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठानं जावं लागतं. बरोबरच्या एखाद्या पहाडी माणसानं बोट करून 'वो रामबाडा था' म्हटलं, तर त्याला मॅगी कुठे चांगली मिळते ते विचारा. त्या पुरात मंदिरामागे येऊन अडकलेली आणि पाण्याचा लोंढा दुभंगणारी भीमशिला मात्र चुकवू नका. तिच्यासमोर उडी मारतानाचा फोटो फार छान येतो.

चालवत नसेल तर घोडा करा. म्हणायचं घोडा, असतं ते खेचर. इथे मला जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण या विषयात लोक उगाच हळवे होतात. वाट दगडी, त्यावर पावसाचं पाणी, त्यात लीद कालवलेली. लोखंडी नाल दगडावरून सर्रकन घसरते, मागचे दोन्ही पाय आत वळतात, पोट भात्यासारखं हलतं आणि खोगिराच्या पट्ट्याखाली, जिथले केस झडलेत तिथे, माश्या बसलेल्या असतात. तुम्ही पंच्याऐंशी किलोंचे आहात, तेव्हा बसल्याबसल्या 'ओम नमः शिवाय' म्हणा. याची आज कितवी फेरी, हे हाकणाऱ्या पोराला विचारू नका. त्यानं खरं सांगितलं तर उतरावं लागेल. बाबानं सगळ्यांना बोलावलंय, खेचराला तेवढं कुणी विचारलेलं नाही.

कंडीही आहे. एक नेपाळी तरुण पाठीवरच्या टोपलीत माणूस घालून, कपाळाला पट्टा लावून चढतो. त्याच्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करा. वर अभिषेकाला कितीही लागू द्या, तिथे भाव करायचा नसतो.

हेलिकॉप्टर हा सभ्य मार्ग. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून काही मिनिटांत वर. दरीत ढग उतरले म्हणून उड्डाण थांबवलं, की पायलटला त्याचं काम शिकवा. या घाटीत हेलिकॉप्टरं कोसळलेली आहेत, हे त्याला माहीत असतं. तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

आणि अखेर मंदिर. आत फोन काढायला बंदी आहे, म्हणून तो स्वेटरच्या आत ठेवा. पिंडीला हातानं तूप चोळायचं असतं. एका हातानं चोळा, दुसरा मोकळा ठेवा. ही पिंडी गोल नाही, तिकोनी खडकासारखी आहे. कथा अशी सांगतात, की युद्धानंतर पांडव भेटायला आले तेव्हा शंकराला त्यांचं तोंड पाहायचं नव्हतं. त्यानं बैलाचं रूप घेतलं, जमिनीत दडी मारली आणि भीमाच्या हाती लागलं ते फक्त वशिंड. म्हणजे पाचही पांडव चालत आले, तर देव पळाला. तुम्हाला मात्र आवर्जून बोलावतो. पांडवांना त्यानं पाठ दाखवली. तुम्ही बाहेर येऊन कळस मागे धरा, त्याच्याकडे पाठ करा आणि सेल्फी काढा. फिटंफाट.

उतरताना तेच खेचर दिसलं तर भाव पाडून मागा. एव्हाना तेही दमलेलं असतं.