तिसरा

'तीन तिघाडा, काम बिघाडा' ही म्हण ज्याने पहिल्यांदा म्हटली, तो त्या तिघांतला तिसरा असणार. पहिल्या दोघांना बिघाड झालाय हे कळतच नाही. ते मजेत पुढे चाललेले असतात.

अरुंद फुटपाथवर तर हे हमखास होतं. दोघं जोडीने पुढे आणि तिसरा, म्हणजे मी, मागे. पुढून बोलण्याचे तुकडे तेवढे येतात. "...आणि ती सरळ उठून गेली!" दोघं खो खो हसतात, म्हणून मीही हसतो. कोण उठली, कुठून गेली, काही पत्ता नाही. पण न हसता मागून चालणारा माणूस पाळतीवर असल्यासारखा दिसतो. समोर दिव्याचा खांब दिसला की मला आशा वाटते. जोडी फुटतेही. खांब मागे पडला की पुन्हा जुळते, आणि खांबापाशी मी.

सूर्य, पृथ्वी आणि तिसरा चंद्र, यांचं गणित मांडताना न्यूटनचंही डोकं दुखायचं म्हणतात. दोन गोल एकमेकांभोवती कसे फिरतील ते नेमकं सांगता येतं. तिसरा आला की सरसकट चालेल असं सोपं सूत्रच नाही. मला चंद्राबद्दल फार आपुलकी वाटते.

चौथा आणावा, तर आणखी घोळ. दोघांत एकच नातं सांभाळायचं असतं, तिघांत तीन, चौघांत सहा, दहाजणांत ४५! कोण कोणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवायलाच अकरावा लागेल.

आणि तिघांनी मिळून काही ठरवणं? सुट्टीच्या दिवशी मला हवा होता डोंगर, नाहीतर समुद्र, अगदीच नाइलाज झाला तर कोणाचं तरी घर. बाकी दोघांतल्या एकाचा क्रम समुद्र, घर, डोंगर. दुसऱ्याचा घर, डोंगर, समुद्र. रीतसर मतदान घेतलं. डोंगराने समुद्राला हरवलं, समुद्राने घराला, आणि घराने डोंगराला. प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक, म्हणजे स्वच्छ बहुमत! कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने ही गोची १७८५ मध्येच लिहून ठेवली आहे. पाचामुखी परमेश्वर बोलत असेलही. तिघांच्या तोंडून तो नुसता गरगरतो.

फेरमतदान, मग फेरमतदानावर वाद. एवढ्यात अंधार पडला आणि घर बिनविरोध निवडून आलं. तिथल्या सोफ्यावर दोघंच मावतात.