गोडाऊनच्या धुराचा हिशोब कुणाच्या खात्यावर?

भिवंडीत गोडाऊनं का आली, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती, तालुक्यातल्या ग्रामपंचायतींत नव्हती. माल काल्हेर, पूर्णा, दापोड्यात उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली. आता गोडाऊनंही जातील, असं पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलटंच. राज्याराज्यांत वेगळा डेपो ठेवायची गरज संपली, कंपन्यांना एकच मोठी शेड हवी झाली, त्यात ऑनलाइन खरेदीची भर. आज माणकोलीपासून पडघ्यापर्यंत पत्राच पत्रा.

"गोडाऊन म्हणजे काय कारखाना आहे का? प्रदूषण कसलं?" हे ऐकून कान किटलेत. अहो, चिमणी आहे, फक्त ती चाकांवर आहे. न्हावाशेवा बंदरातून आलेला कंटेनर नंबर लागेपर्यंत गेटबाहेर उभा राहतो, बऱ्याचदा इंजिन चालू ठेवूनच. मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 सालीच जाहीर केलंय. त्यातले बारीक कण फुफ्फुसात खोल जातात, तिथून रक्तात. आमच्या घरी सुकट-बोंबील गच्चीत वाळवणं आईने कधीच बंद केलं. फडकं झाकलं तरी संध्याकाळी बोट फिरवलं की काळं. मासळी नाही वाळवली तर चालतं, पोरं श्वास घ्यायची थांबवता येत नाहीत.

पाण्याचं वेगळंच. भाताची खाचरं पाऊस धरून ठेवायची. त्यांच्यावर पुरुषभर भराव घातला, वर काँक्रीट केलं, की ते पाणी जुन्या गावठाणात उतरतं, कारण आता सगळ्यात खोलगट आम्हीच. नाल्यांवर काय काय उभं राहिलंय, त्यावर बोलायला दुसरी पोस्ट लागेल.

आणि आगी. केमिकलचे ड्रम कपड्याच्या गाळ्याशेजारी, आणि आत काय भरलंय हे शेजाऱ्यांना कळतं ते पेटल्यावरच. आग नसली तरी जीव धोक्यातच: एप्रिल 2023 मध्ये वळ गावात इमारत कोसळून आठ जण गेले, तिथे खाली गोडाऊन आणि वर बिऱ्हाडं होती.

"भाडं तुम्हीच खाता ना?" हा प्रश्न येणारच. हो, ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना भाडं मिळतं, आमच्या भावकीतही मिळतं. पोरांना पॅकिंगची, सुपरवायझरची कामं मिळाली, हेही खरं. गोडाऊनं हाकला असं मी म्हणतच नाही. माझं भांडण हिशोबाशी आहे. बांधकामाची परवानगी एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देणार, गाडीचा धूर आरटीओचा, खड्डे रस्तेवाल्यांचे, तुंबलेलं पाणी ग्रामपंचायतीचं, दमा ज्याचा त्याचा. गोडाऊनमालकाच्या खात्यावर फक्त भाडं! पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे. सुटा गाळा सहसा त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण असे शेकडो गाळे एकाच रस्त्यावर गाड्या ओततात, त्यांची बेरीज कोण करणार?

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असाच गोडाऊनचा पट्टा आहे. तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये नियम केला: एक लाख चौरस फुटांच्या वरचं गोडाऊन असेल, तर तिथे येणाऱ्या ट्रकांचा वर्षाचा हिशोब चालवणाऱ्यानेच द्यायचा, आणि त्या प्रमाणात विजेवरच्या गाड्या, चार्जिंग, सोलर असलं काहीतरी करायचं, नाहीतर पैसे भरायचे. म्हणजे ट्रक दुसऱ्याचा असला तरी बोलावणारा जबाबदार. आपल्याकडे एवढं साधं तत्त्व कागदावर आणायला काय हरकत आहे?

तोवर गावपातळीवर जमण्यासारखं बघू. येत्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: प्रत्येक आवाराने रोजच्या जड गाड्यांची नोंद पंचायतीला द्यावी, रांग आवाराच्या आत लावावी आणि थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद ठेवावं, केमिकल साठवणाऱ्याने गेटवर ठळक अक्षरांत लिहावं, आणि जिल्हा परिषद शाळेपाशी हवा मोजायचं यंत्र बसवायची मागणी प्रदूषण मंडळाकडे जावी. ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. भाडं घेणाऱ्यांनीही यावं, त्यांची पोरं त्याच शाळेत आहेत.