‘सरपंचपती’ आहेत म्हणून महिलांच्या जागा रद्द करायच्या का?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की एक दावा हमखास पसरतो: महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या, तरी कारभार नवरेच पाहतात, निवडून येतात त्या पुढाऱ्यांच्या घरच्याच बायका आणि लायक पुरुष डावलले जातात, म्हणून हे आरक्षण रद्द करावे.

यातला नवरे कारभार पाहतात हा भाग अनेक गावांत खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने २०२३ मध्ये याच प्रश्नावर समिती नेमली आणि तिने अशा नवऱ्यांवर कडक दंडात्मक कारवाईची शिफारस केली. पण निवडून न आलेला माणूस सभेत खुर्चीवर बसतो, कर्मचारी सहीसाठीचे कागद त्याच्याकडेच नेतात आणि तालुक्याचा अधिकारीही फोन त्यालाच करतो, तेव्हा नियम मोडणारे हे सारे असतात, ती सरपंच नव्हे. तिची जागा काढून घेतली, तर ज्याने अधिकार बळकावला त्यालाच तो अधिकृतपणे मिळेल.

शिवाय बाई स्वतः कारभार करू लागली की काय होते, तेही पाहिले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंच सरकारी जमिनीवरील घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार करून त्यांना अपात्र ठरवण्यात आले. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे त्यांचे म्हणणे खालपासून उच्च न्यायालयापर्यंत कोणी मानले नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली आणि एक स्त्री सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचवता आले नाही, असे स्पष्ट नोंदवले. बाई गप्प राहिली तर बाहुली आणि बोलली तर अपात्र, अशा गावात दोष आरक्षणाचा कसा?

‘बायकांना कारभार जमत नाही’ हा समज तर तपासून पाहिलेला आहे. राखीव जागा आळीपाळीने बदलत असल्यामुळे अर्थतज्ज्ञांना राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना करता आली. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर दुफ्लो यांना पश्चिम बंगाल आणि राजस्थानात असे आढळले की महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केले. पुढच्या एका अभ्यासात अशा गावांतील सोयी उणावलेल्या नव्हत्या आणि लाचही कमी द्यावी लागत होती, तरी गावकरी कारभाराबद्दल कमी समाधानी होते. आणखी एका प्रयोगात एकच भाषण पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवले. जिथे कधीच महिला प्रमुख झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजाला कमी लेखले, तर जिथे ती झाली होती तिथे हा पूर्वग्रह बराच ओसरलेला दिसला. माझ्या मते सगळ्या वादातला हाच सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, कारण जो समज आरक्षणाविरुद्ध वापरला जातो, तोच आरक्षणामुळे कमी होतो.

पुढाऱ्यांच्या घरच्या बायकांचा आक्षेप मुलग्यांना कधी लावला जातो? वडिलांच्या मतदारसंघात उभा राहणारा मुलगा ‘वारसदार’ ठरतो आणि त्यावरून तो मतदारसंघ पुरुषांना बंद करा, असे कोणी म्हणत नाही. शशिकला काकोडकर १९७३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या हे खरे, पण त्याआधीच त्या आमदार म्हणून निवडून आल्या होत्या. आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरमध्ये १९८९ साली, म्हणजे पंचायतींत महिलांना राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या चळवळीतून केवळ महिलांचे पॅनेल निवडून आले होते.

लायकीचा प्रश्नही फक्त राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या बाईलाच विचारला जातो.

आरक्षणाची खरी उणीव वेगळीच आहे. प्रभाग पाच वर्षांनी खुला झाला की अनुभव घेतलेल्या बाईला बहुतेकदा पुन्हा तिकीट मिळत नाही, आणि विधानसभेकडे जाणारी वाट तिथेच तुटते. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत २४ महिला होत्या. २०२४ मध्ये त्या २१ झाल्या. लोकसभा व विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलेली असल्यामुळे त्या निवडणुकीला लागू नव्हती. मात्र महिलांना अधिक तिकिटे देण्यासाठी कोणत्याही पक्षाला घटनादुरुस्तीची गरज नव्हती. स्थानिक संस्थांत कारभार केलेल्या हजारो बायका राज्यात असताना पक्षांनी त्यांना तिकिटे का दिली नाहीत, हे उमेदवारी ठरवणाऱ्यांना विचारायला हवे.