सर्व रकाने भरणे अनिवार्य

माझं शिक्षण बेताचं असलं तरी वर्षातून एकदा अख्खं ब्रह्मांड माझ्या टेबलावरून जातं. विद्यापीठाच्या झाडून सगळ्या विभागांत वर्षभर जे संशोधन चालतं, त्याचा एकत्रित तक्ता करायचं काम माझ्याकडे आहे. माझ्याकडेच का, तर मला एक्सेलमध्ये दोन चौकटींची एक चौकट करता येते. हे मी अकरा वर्षांपूर्वी गप्पांच्या ओघात बोलून गेलो. शहाण्या माणसाने नोकरीत आपलं कौशल्य आणि आपली शिल्लक रजा कधी उघड करू नये.

तक्त्याला आठ रकाने आहेत : शीर्षक, संशोधकांची नावं, गृहीतक, नमुना संख्या, उपकरणं, कालावधी, निष्कर्ष, उपयोग. खाली ठळक अक्षरांत : ‘सर्व रकाने भरणे अनिवार्य. लागू नाही असे लिहू नये.’ हा तक्ता मुळात कोणी आखला ते आता कोणाला आठवत नाही. पण तो माणूस रसायनशास्त्राचा असणार, कारण रसायनशास्त्र विभाग दरवर्षी तो तासाभरात भरून पाठवतो. बाकीचे विभाग स्वतः येतात.

यंदा सुरुवात तत्त्वज्ञानाच्या सरांनी केली. ‘गृहीतक’ हा रकाना कोराच होता. मी नम्रपणे बोट ठेवलं, तर म्हणाले, “गृहीत धरणं म्हणजे नेमकं काय, हाच माझा विषय आहे. तो संपला की भरतो.” उपकरणांत त्यांनी ‘खुर्ची’ लिहिली होती आणि नमुना संख्येत ‘१ (स्वतः)’. मी खुर्ची ठेवली. तिची निदान जडवस्तू नोंदवहीत नोंद आहे.

गणिताच्या सरांनी नमुना संख्येत एक गोल काढून त्यावर तिरकी रेघ मारली होती.

“सर, हे शून्य खोडलंय का?”

“खोडलं नाही. तो रिकामा संच आहे.”

“म्हणजे शून्यच ना?”

“छे! शून्य असतं तर काहीतरी असतं.”

हे मी घरी जाऊन दोन दिवस विचारात घेतलं. झोपेचं नुकसान झालं, ज्ञानात भर पडली नाही. तक्त्यात ० टाकून मोकळा झालो.

खरा गोंधळ नमुना संख्येतच होतो. खगोलवाल्यांनी लिहिलं ‘२ कोटी तारे’. प्राणिशास्त्र ३७ बेडकांवर समाधानी होतं, समाजशास्त्राने ४१२ घरांचे उंबरे झिजवले होते. आणि इतिहासाच्या मॅडम दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाच्या रोजनिशीवर काम करतात, त्यांनी लिहिलं : ‘१ (मृत)’. साहेबांनी लाल पेनने गोल केला. “एका नमुन्यावर संशोधन होतं? आणि तोही मेलेला?”

मॅडमचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, विषय कारकुनाचा होता. सुदैवाने मेंदूवर काम करणारे एक सर तिथे सही घ्यायला उभे होते. ते म्हणाले, आमच्याकडच्या एका गाजलेल्या प्रयोगात नमुना एकच होता, तोही मेलेला, आणि वर मासा. मला वाटलं थट्टा करतायत. पण खरं निघालं. २००९ साली काही अमेरिकी संशोधकांनी एक मेलेला सामन मासा मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि या माणसांच्या मनात कोणती भावना असेल असं रीतसर विचारलं. माशाच्या मेंदूत काही ठिपके उजळले! मुद्दा असा की ते यंत्र मेंदूच्या चित्राचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येकाची वेगळी तपासणी करतं. इतक्या तपासण्या केल्या की काही तुकडे निव्वळ योगायोगाने उजळणारच. त्यासाठीची दुरुस्ती आकडेमोडीत केली की मासा पुन्हा मरतो. या कामाला २०१२ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. मासा मेलेला होता हेच त्या प्रयोगाचं बळ.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “ठीक आहे, पण त्यांच्याकडे यंत्र तरी होतं.” मग मॅडमनी उपकरणांत ‘भिंग’ लिहिलं आणि कारकून मार्गी लागला.

संशोधकांच्या नावांचा रकाना दिसायला सोपा. मी एका वर्षी, सगळ्यांना समान न्याय म्हणून, नावं वर्णानुक्रमे लावली. गणितवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्यात तीच रीत आहे. जीवशास्त्रात मात्र हाहाकार उडाला. तिथे पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या समान न्यायाने प्रमुख मॅडम पहिल्या आल्या, म्हणजे विद्यार्थिनी झाल्या, आणि एक बिचारा पहिल्या वर्षाचा मुलगा प्रमुखपदी बसला. तो अजून मला बघून लांबून नमस्कार करतो. मॅडम करत नाहीत.

पदार्थविज्ञानाची गोष्ट निराळीच. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध आला, त्याचे लेखक ५१५४. निबंध ३३ पानांचा, त्यात विज्ञान संदर्भांसकट ९ पानं, उरलेली २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्था. आमच्या चौकटीत पाच नावं मावतात. मी ‘व इतर’ सुचवलं, तर पदार्थविज्ञानाचे सर खिन्नपणे म्हणाले, “आमचं आयुष्य ‘व इतर’मध्येच गेलं हो.” मग जरा हसून त्यांनी १९७५ सालचा किस्सा सांगितला. जॅक हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकट्याने निबंध लिहिला, पण सवयीने सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं. लेखक एक असेल तर ‘आम्ही’ चालत नाही, हे नंतर कळलं. टाइपरायटरचा जमाना, सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा. त्याने सरळ आपल्या मांजराचं नाव सहलेखक म्हणून घातलं : एफ. डी. सी. विलर्ड. निबंध छापून आला. टंकायच्या कंटाळ्यातून इतकी चमकदार कल्पना निघू शकते, हे आमच्या कार्यालयात अजून सिद्ध व्हायचंय.

भाषाशास्त्राच्या मॅडमचं संशोधन ‘च’वर आहे. तूच, आलाच, नाहीच, यातला ‘च’. नमुना संख्या : १.

“मॅडम, एवढंच?” मी विचारलं.

त्यांनी तत्काळ वही काढली. “पुन्हा म्हणा बरं.”

तेव्हापासून त्या आल्या की मी जपून बोलतो. पण जपून बोलायला लागलं की ‘च’ जास्तच येतो. ‘मीच करतो’, ‘कालच पाठवलं’, ‘साहेब आत्ताच गेले’. सरकारी कामकाजाचा निम्मा डोलारा या एका अक्षरावर उभा आहे असं त्यांचं मत होत चाललंय, आणि त्याचा मुख्य पुरावा मी आहे.

त्याच आठवड्यात दोन विभागांकडून ‘कल्चर टिकवण्यासाठी मदत हवी’ अशी पत्रं आली. एक सूक्ष्मजीवशास्त्राचं, त्यांचं कल्चर म्हणजे बशीत वाढवलेले जंतू; दुसरं मानववंशशास्त्राचं, त्यांचं म्हणजे संस्कृती. मी काटकसर म्हणून दोघांना मिळून एक फ्रीज सुचवला. त्यावर अधिक लिहीत नाही.

निष्कर्षाच्या रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच निवडता येतं. मानसशास्त्रात म्हणे, निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता विसात एकाहून कमी असली की ‘होय’ म्हणायचा प्रघात आहे. कणभौतिकीत शोध जाहीर करायचा तर ती सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी कमी लागते. साहित्याच्या सरांनी ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही निवडायचा प्रयत्न केला आणि संगणक बंद पडला.

कालावधी जास्तीत जास्त ५ वर्षं. हे कळल्यावर वनस्पतिशास्त्राच्या मॅडम हसत सुटल्या. विल्यम बील नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मातीत बिया मिसळून २० बाटल्या पुरल्या. बी किती वर्षांनी रुजू शकतं ते बघायला ठरावीक काळाने एक बाटली उकरतात, तीही रात्री, म्हणजे इतर बियांना उजेड लागू नये. शेवटची निघणार २१०० साली. पदार्थविज्ञानाच्या सरांनी लगेच ऑस्ट्रेलियातलं डांबर काढलं. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी घट्ट डांबर नरसाळ्यात ओतलं. १९३० साली नळीचं तोंड कापलं, तेव्हापासून थेंब पडले ९. पुढे जॉन मेनस्टोन यांनी अनेक दशकं तो प्रयोग सांभाळला. १९८८ साली थेंब पडला तेव्हा ते काहीतरी प्यायला जरा बाहेर गेले होते. २००० साली कॅमेरा लावला, तर नेमका तोच बिघडला. २०१३ साली ते वारले आणि पुढचा थेंब २०१४ साली पडला. हे ऐकून मी गप्प बसलो. माझीसुद्धा एक फाइल अशीच आहे, जागेवरून उठलो की हलते.

संस्कृतचे सर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं नाव काढलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली काम सुरू केलं, १९६६ साली संपवलं. १२५९ हस्तलिखितं श्लोक-श्लोक ताडून पाहिली. “आणि तुमच्या खात्याशी संबंधित एक गोष्ट,” ते म्हणाले. “व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा आपल्याला पाठ आहे ना? हस्तलिखितांच्या पुराव्यावर ती मूळ संहितेत टिकली नाही. परिशिष्टात गेली.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. इतकं मोठं डिक्टेशन, अट अशी की मध्ये थांबायचं नाही, आणि शेवटी लेखनिक परिशिष्टात! ज्याच्या नावाने आपण सगळे श्रीगणेशा करतो त्याची ही गत, तर माझं नाव तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरांतही येत नाही याची तक्रार कुठल्या तोंडाने करणार? संस्कृतच्या सरांची ६२ हस्तलिखितं मी त्या दिवशी कालावधी न बघता मंजूर केली.

उपयोगाच्या रकान्यात गणिताच्या सरांनी ‘काहीही नाही’ लिहिलं होतं, खाली सही करून. मी ते खोडून ‘संगणकीय सुरक्षितता’ केलं, कारण मागे तेच बोलले होते : हार्डी या इंग्रज गणितीने १९४० साली, आपल्या एकाही शोधाने जगाच्या सुखसोयीत काडीचा फरक पडलेला नाही असं लिहून ठेवलं होतं, आणि १९७७ साली त्याच्याच लाडक्या संख्या सिद्धांतातल्या मूळ संख्यांवर गुप्तलेखनाची पद्धत बांधली गेली. सर भडकले. “तुम्ही मला उपयोजित ठरवलंत!” इतका अपमान झालेला माणूस मी त्याआधी फक्त पदोन्नतीच्या यादीसमोर पाहिला होता.

तक्ता पूर्ण करून नेला. साहेबांनी वरून खाली नजर फिरवली आणि विचारलं, “बेरीज कुठाय?”

“कसली, साहेब?”

“नमुन्यांची. तक्ता आहे म्हणजे बेरीज हवी.”

तारे, घरं, बेडूक, हस्तलिखितं, तत्त्वज्ञानाचे सर, कारकून आणि एक ‘च’. एकूण २,००,००,५१४. साहेब म्हणाले, “पैकी मृत किती तेही येऊ दे.” मी १ लिहिला. एवढ्यात खगोलचे सर आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “एक कसा? आमच्याकडे पोचलेला उजेड ताऱ्यातून निघाला तेव्हा तो जिवंत होता, इतकंच आम्ही सांगू शकतो. आज त्यातले किती आहेत कोणाला ठाऊक?”

मी ‘लागू नाही’ लिहायला पेन उचललं. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग ‘किमान १’ असं लिहिलं.

साहेबांचा चेहरा उजळला. “हे असंच पाहिजे होतं!”

दारात उभ्या असलेल्या भाषाशास्त्राच्या मॅडमनी वही काढली.