माणसाचं वेगळेपण टिपायचंय? फेटा जवळ ठेवा

कॅमेरा घेतलाय, ईएमआय सुरू झालाय, लग्नाच्या ऑर्डरींचा कंटाळा आलाय आणि आता तुम्हाला 'माणूस' टिपायचाय. उत्तम. थोडे अनुभवाचे बोल सांगतो, फुकट आहेत.

प्रोजेक्टचं नाव इंग्रजीतच ठेवा.

माणूस गावाकडचा आणि सत्तरीच्या पुढचा बघा, सुरकुत्या जितक्या जास्त तितके लाइक जास्त. तुमच्या सोसायटीचा चेअरमन, जो पहाटे उठून पार्किंगमध्ये खडूने रेघा मारतो, तो कितीही विक्षिप्त असला तरी चालणार नाही, तो फोटो बघून नोटीस पाठवेल.

बॅगेत कायम एक फेटा, एक चिलीम, एक कंदील. हे सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या महिन्यात आमच्या मामांकडे असाच एक कलाकार आला होता. मामा रिटायर्ड तलाठी. दोन हातांत दोन घड्याळं घालतात, उजव्या हातातलं त्यांच्या वडिलांचं, ते कधीचं बंद पडलंय तरी रोज सकाळी न चुकता चावी देतात. मे महिन्यातसुद्धा अंगात हाफ स्वेटर. पोरं हसतात, मामांना ढिम्म फरक नाही. आता याच्याहून वेगळा माणूस आणायचा कुठून? पण साहेब म्हणाले, काका, घड्याळं काढा, फ्रेममध्ये डिस्टर्ब होतंय, स्वेटर पण काढा, चष्मा पण. मग फेटा गुंडाळला, हातात चिलीम दिली (मामा सुपारीसुद्धा खात नाहीत), मागे काळा पडदा, तोंडावर घाम दिसावा म्हणून पाण्याचा फवारा, आणि एवढं सगळं झाल्यावर हा म्हणतो, 'काका, आता एकदम नॅचरल, जसे आहात तसे!' अरे, जसे होते तसे तर तू खुर्चीवर काढून ठेवलेस ना!

बरं, पुढे. कॅप्शनमध्ये नाव टाकू नका. 'मातीचा माणूस' पुरे.

कुणी नावं ठेवली तर परंपरा सांगा. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यात माणसं एका जागी उभी करून फोटो घेतलेले आणि मागे भलतीच सीनरी चिकटवलेली. तेव्हा कात्री होती, आता फोटोशॉप आहे, एवढीच काय ती प्रगती. कलाकार पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये स्वतःच वेगवेगळ्या बायकांचे वेष घेऊन असल्या नमुनेछाप फोटोंची खिल्ली उडवली. ते फोटो रेफरन्सला जरूर ठेवा, फक्त खिल्ली कुणाची उडवलीय तिकडे लक्ष देऊ नका.

आणि कृपा करून 'स्टेज करणं ही पण कलाच आहे' हे मला शिकवू नका. माहितीये. आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात, सेदू केइता या फोटोग्राफरनी १९४८ मध्ये स्टुडिओ टाकला, पडदा म्हणून घरचा पलंगपोस लावायचे, घड्याळं, पेनं, रेडिओ, स्कूटर असलं सगळं ठेवलेलं असायचं. येणारा माणूस त्यातून स्वतःला हवं ते घ्यायचा आणि ऐटीत बसायचा. आपल्या जत्रेतल्या फोटोवाल्याकडेही पुठ्ठ्याची मोटारसायकल असायची, पण तिच्यावर बसायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवायचं! खोटं तिथेही होतं, फक्त ते ज्याचा फोटो त्याने मागून घेतलेलं होतं. तुम्ही मामांना विचारलंत काय हातात धरू म्हणून? विचारलं असतंत तर ते बंद घड्याळ धरून बसले असते आणि तुमच्या अख्ख्या प्रदर्शनात तेवढा एकच फोटो बघण्यासारखा निघाला असता.

पण तुम्हाला विचित्र माणूस नकोच असतो हो. खरा विचित्र माणूस समोर आला की तुमची फ्रेम बिघडते. तुम्हाला पाहिजे असतो तुमच्या डोक्यातला म्हातारा, आणि आमची माणसं तुम्ही खुंटीसारखी वापरता. वर मिरवता काय, तर वेगळेपणाचा उत्सव! लाज वाटू द्या जरा.

फोटोखाली मामांचं नाव टाका. आणि मोठी प्रिंट देतो म्हणून जाताना कबूल केलं होतंत, ती पाठवा आधी, पोस्टाचा खर्च हवा तर मी देतो.