रॉब बरो 'केवळ जिद्दीवर' जिंकला, हे खरं नाही

फिरत असलेला मजकूर साधारण असा: इंग्लंडच्या लीड्स ऱ्हायनोज या क्लबचा रॉब बरो अवघा पाच फूट पाच इंचांचा. सगळ्यांनी त्याला नाकारलं, पण धिप्पाडांच्या रग्बी लीगमध्ये (तेरा जणांच्या रग्बीत) तो केवळ जिद्दीवर, एकट्याच्या बळावर आठ वेळा विजेता झाला. आणि शेवटी याच खेळाने त्याचा जीव घेतला.

उंची खरी, जिंकलेल्या आठ ग्रँड फायनलही (सुपर लीग या तिथल्या अव्वल स्पर्धेचे अंतिम सामने) खऱ्या. बाकीचं मात्र तपासायला हवं.

'सगळ्यांनी नाकारलं.' उंचीवरून शंका घेणारे होतेच. पण 2001 मध्ये, अठराव्या वर्षी तो लीड्सच्या पहिल्या संघात आला आणि त्याच हंगामात सुपर लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. 2017 मध्ये निवृत्त होईपर्यंत याच एका क्लबकडून जवळपास पाचशे सामने खेळला. नाकारलेल्या माणसाची कारकीर्द अशी नसते.

'केवळ जिद्दीवर.' मला सर्वांत खटकतं ते हेच, कारण यात त्याचं कसब पार पुसलं जातं. रग्बी लीगमध्ये सहा टॅकलची मुदत असते, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला सहा वेळा धरून पाडलं की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जाऊन पुन्हा पुढे धावावं लागतं. शंभर किलोच्या फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूंना ही ये-जा थकवते. अशा वेळी ताज्या दमाचा, चपळ, बुटका खेळाडू चेंडू घेऊन मधूनच घुसला, तर त्याला धरायला वाकायचं कुणी? कबड्डीत बुटका चढाईपटू साखळीच्या हाताखालून निसटतो, तसंच हे. 2011 ची ग्रँड फायनल बघा. सेंट हेलेन्सविरुद्ध बरो बदली खेळाडू म्हणून उतरला, एकाच्या हाताखालून वाकून सुटला आणि लांब पल्ल्याची धाव घेत ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) करून आला. लीड्स 32-16 ने जिंकलं आणि सामनावीराची हॅरी संडरलँड ट्रॉफी त्याला एकमताने मिळाली. तीच ट्रॉफी त्याने 2007 मध्येही घेतली होती. दोन्ही वेळा जिद्द होतीच, पण मोकळी जागा नेमकी कधी तयार होते, हे ओळखणारी नजरही होती.

'एकट्याच्या बळावर.' केव्हिन सिनफिल्ड, जेमी पीकॉक, डॅनी मॅग्वायर या त्याच्या संघसहकाऱ्यांची नावं मजकुरात का नाहीत? तेरा जणांच्या खेळात आठ विजेतेपदं एकटा कुणी आणत नाही.

आता आजाराचं. डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी करणारा आजार) असल्याचं निदान झालं, 2 जून 2024 रोजी एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला. स्कॉटलंडच्या माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराचा धोका इतरांहून बराच जास्त दिसला, त्यामुळे प्रश्न गंभीर आहेच. पण तो अभ्यास रग्बी युनियनचा, पंधरा जणांच्या वेगळ्या खेळाचा. शिवाय एका गटात धोका जास्त दिसला म्हणून त्यातल्या अमुक एकाला आजार खेळामुळेच झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही.