सरकार एक, संवर्ग अनेक: समावेशनावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समावेशन, म्हणजे एका खात्यातल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या संवर्गात (एका ज्येष्ठता यादीतल्या पदांच्या गटात) कायमचं सामावून घेणं, नियमांत बसवूनच व्हावं, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत आटोपणार नाही. तुमचं म्हणणं असं: सरकार हा एकच मालक. एका खात्यात माणसं अतिरिक्त आणि दुसऱ्यात पदं रिकामी असतील, तर इकडची तिकडे वळवण्यात बेकायदा काय? आधार म्हणून तुम्ही महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा कायदा दाखवलात. त्यातल्या ‘बदली’च्या व्याख्येत एका विभागातून दुसऱ्या विभागात पदस्थापना येते, मग मी कशाला बाऊ करतो, असा तुमचा सवाल.

व्याख्या तशीच आहे. पण ती कुणाला लागते ते बघा. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यांचा संवर्ग सामायिक आहे. गृह विभागातला कक्ष अधिकारी उद्या वित्त विभागात बसला तरी त्याचं पद तेच, ज्येष्ठता यादी तीच. ही बदली. तलाठ्याला कृषी सहायक केलं तर ती बदली नव्हे, दुसऱ्या संवर्गातली नेमणूक झाली. नेमणूक म्हटली की त्या पदाचे सेवाप्रवेश नियम (भरतीचे नियम) आले, अर्हता आली आणि सरकारी नोकरीत समान संधी देणारा घटनेचा अनुच्छेद १६ आला. बदल्यांचा कायदा माणसाला एका जागी किती काळ ठेवायचं आणि कधी हलवायचं हे सांगतो. कुठल्या पदावर कोण येऊ शकतो, हे त्याच्या कक्षेतच नाही. सेवाप्रवेश नियमांत समावेशनाची वाट नसेल, तर नुसता जीआर काढून ती पाडता येत नाही. पद रद्द झालेल्यांना समकक्ष पदावर सामावून घ्यायला माझी हरकत नाहीच. नियमात बसवून घ्या, एवढंच.

‘एकच मालक’ हेही तितकंसं खरं नाही. जेएनयूचं इम्फाळमधलं केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे सोपवलं गेलं, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनी आपण जेएनयूचेच, असं ठणकावून सांगितलं. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं: संमतीशिवाय कर्मचारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाही. महामंडळांनाही हेच लागू. एसटीचे कर्मचारी २०२१-२२ च्या संपात विलीनीकरण मागत होते, ते उगाच नाही. ते शासकीय कर्मचारी असते तर विलीनीकरण मागायचं कशाला?

आता तुमचा सगळ्यात बोचरा मुद्दा: प्रतिनियुक्तीवर, म्हणजे उसनवारीने दुसऱ्या खात्यात, वर्षानुवर्षं राबलेल्याला एका पत्राने मूळ खात्यात परत धाडणं हा अन्याय आहे. माणूस म्हणून मला पटतं. कायदा मात्र तुमच्या बाजूने नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातून सीबीआयमध्ये गेलेल्या कुणाल नंदा यांच्या प्रकरणात (२०००) न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतिनियुक्तीवरच्या माणसाला तिथे राहण्याचा किंवा सामावून घेतलं जाण्याचा हक्क नसतो.

मात्र एकदा रीतसर सामावून घेतलं की पारडं फिरतं. रूपलाल प्रकरण (१९९९) वाचाच. सीमा सुरक्षा दलातले उपनिरीक्षक प्रतिनियुक्तीवर दिल्ली पोलिसांत आले आणि तिथेच कायम झाले. खात्याने त्यांची आधीची सेवा ज्येष्ठतेसाठी धरायला नकार दिला. केंद्राच्या १९८६ च्या परिपत्रकात दोन तारखांपैकी (प्रतिनियुक्तीवर आल्याची आणि मूळ खात्यात समकक्ष पदावर नियमित नेमल्याची) ‘जी नंतरची असेल ती’ धरावी, असे शब्द होते. न्यायालयाने तेच शब्द रद्द केले आणि समकक्ष पदावरची जुनी नियमित सेवा मोजायला लावली. आलेल्यांना न्याय मिळाला, हे खरंच. पण आस्थापना शाखेत काम केलेल्या तुम्हाला सांगायला नको, की अशी चार नावं यादीत वर घुसली की खालच्यांची पदोन्नती लांबते. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. समावेशनाचे आदेश मॅटपर्यंत (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापर्यंत) जातात ते बहुतेकदा याच भांडणापायी.

तुमच्या सहकाऱ्यांच्या समावेशनाला आव्हान मिळालंय म्हणता, तर आदेशात तीन गोष्टी शोधा: कुठल्या सेवाप्रवेश नियमाखाली घेतलं, दोन्ही पदं समकक्ष असल्याचं कुणी ठरवलं आणि ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून दिली. पहिलीच सापडली नाही, तर वकिलाला भेटायला वेळ लावू नका.